घासून काढलं तरी महिन्यात शेवाळ परत: रीफ टँकचं समस्या निवारण, सांगली-मिरजेच्या पाण्यासह

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक, सांभाळणाऱ्यांची तक्रार ठरलेल्या क्रमाने येते. रविवारी खडक बाहेर काढून ब्रशने घासले, वाळू सायफनने ओढली, वीस टक्के पाणी बदललं. आठवडाभर टँक आरशासारखा. दहाव्या दिवशी खडकाच्या कडेला हिरवी लव दिसते, विसाव्या दिवशी तिचे केस होतात आणि महिना संपेपर्यंत झोॲन्थस कोरलच्या तोंडावर जावळ पसरलेलं असतं. टेस्ट किट मात्र नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवतं.

किट चुकीचं असेलच असं नाही. पाण्यात सुटलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं शेवाळ लगेच ओढून घेतं, म्हणून पाण्यात ते उरत नाही. किटचा आकडा म्हणजे फक्त शिल्लक. आवक किती आणि खर्च किती, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे परत-परत येणाऱ्या शेवाळाचा शोध आवक कुठून होते तिथून सुरू करायचा. आवकेची दारं तीन: टॉप-अपचं पाणी (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज भरलेलं), माशांचं खाणं आणि खडकात मुरलेलं जुनं फॉस्फेट. यांतलं पहिलं दार आपल्या भागात हमखास उघडं राहतं, आणि तेच सगळ्यांत शेवटी तपासलं जातं.

खालचे सगळे हिशेब २०० लिटर पाण्याचे आहेत. म्हणजे काचेच्या मापातून खडक-वाळूची जागा वजा करून, संपचं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीचं) पाणी मिळवून उरणारं प्रत्यक्ष पाणी. आपल्या टँकला त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी ओळख पटवा

उपाय चुकतो तो बहुतेक इथेच. तपकिरी दिसलं की 'डायटम' आणि हिरवं दिसलं की 'हेअर अल्गी' म्हणून मोकळं होता येत नाही.

काचेवर आणि वाळूवर पिठासारखा तपकिरी थर, बोट फिरवलं की उडून जाणारा, हे डायटम. नव्या टँकमध्ये दीड-दोन महिन्यांत ते आपोआप ओसरतात. वर्षभराच्या जुन्या टँकमध्ये अचानक आले तर पाण्यात सिलिकेट येतंय असं समजा. त्याचं कारण पुढे आरओच्या भागात आहे.

किरमिजी किंवा गडद लाल पापुद्रा, कापडासारखा एका तुकड्यात उचलला जाणारा, हे सायनोबॅक्टेरिया. ते खरं तर शेवाळ नाही. पाण्याचा प्रवाह पोचत नाही अशा कोपऱ्यात, वाळूत कचरा साचलेल्या जागी, आणि फॉस्फेट आहे पण नायट्रेट शून्य आहे अशा टँकमध्ये ते जोर धरतं. वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड फिरवा, पापुद्रा सायफनने ओढून घ्या, नायट्रेट ३ ते ५ पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) आणा. अँटिबायोटिकची पुडी टाकून ते दोन दिवसांत मरतं, पण मरताना पाण्यातला ऑक्सिजन खाली ओढतं आणि कारण जागच्या जागी राहतं. तो शेवटचा उपाय, आणि तोही एअर स्टोन जोरात चालू ठेवूनच.

तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री जवळजवळ गायब आणि दुपारी पुन्हा दाट, हे डायनोफ्लॅजेलेट. गोगलगायी सुस्त पडून मरत असतील तर संशय पक्का. घरच्या घरी तपासणी अशी: ड्रॉपरने थोडे धागे टँकच्याच पाण्यात घ्या, बाटलीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा आणि खाली आलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. गाळलेल्या पाण्यात पुन्हा गुठळी जमली तर डायनो. यांचा उपाय बाकी सगळ्यांच्या उलट आहे, म्हणून त्यावर पुढे 'शून्याचा सापळा' या भागात वेगळं लिहिलं आहे.

हिरवे केस ओढले की तुटणारे असतील तर साधी हेअर अल्गी. त्याच केसांना पिसासारख्या किंवा फर्नसारख्या बारीक फांद्या असतील तर ब्रायोप्सिस. ब्रायोप्सिस नायट्रेट-फॉस्फेट कमी करून जात नाही, तिला औषध लागतं. हिरवे चकचकीत फुगे म्हणजे व्हॅलोनिया. ते मुळाशी नखाने किंवा बोथट चिमट्याने सोडवून अख्खे बाहेर काढा, सायफनची नळी शेजारी धरून.

टॉप-अपचं पाणी: इथे थांबा आणि नीट बघा

टँकमधून वाफ होते ती शुद्ध पाण्याची. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मागे राहतं. त्यामुळे रोज भरलेल्या पाण्यात जे काही आहे ते टँकमध्ये साठतच जातं, बाहेर जात नाही.

आकड्यांत बघू. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावला की २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला ४-५ लिटर पाणी उडणं काही विशेष नाही. ५ लिटर धरा. टॉप-अपच्या पाण्यात नायट्रेट १० पीपीएम असेल तर रोज ५० मिलिग्रॅम नायट्रेट आत जातं, म्हणजे टँकमध्ये रोज पाव पीपीएम आणि महिन्याला साडेसात. फॉस्फेट फक्त ०.१ पीपीएम असलं तरी महिन्याला ०.०७५ पीपीएम वाढ, म्हणजे रीफ टँकमध्ये जेवढं असावं जवळजवळ तेवढं सगळं नुसत्या टॉप-अपमधून. मासा एकही नसला तरी. उसाला, द्राक्षाला आणि हळदीला वर्षानुवर्षं खत पडलेल्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणं अपेक्षितच आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतलं पाणी मुळातच खारं, आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरचं जड. नळाला कृष्णेचं पाणी असलं तरी उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातं का, हे विचारून घ्या.

"पण आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तर प्रत्येक वेळी येतं, आणि गोम तिथेच आहे. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ पाणी पूर्ण शुद्ध करून देत नाही. देऊही नये, कारण ते पिण्यासाठी आहे. मेंब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) निघालेल्या पाण्यात चवीसाठी थोडं कमी गाळलेलं पाणी परत मिसळणारा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, पुढे मिनरल कार्ट्रिज असतं, काहींत अल्कलाइन कार्ट्रिज, आणि अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिज. पिणाऱ्याला ते ठीक. टँकमधल्या कोळंबी, गोगलगायी आणि कोरलना तांबं म्हणजे विष. 'कॉपर' लिहिलेल्या आरओचं पाणी रीफ टँकमध्ये थेंबभरही घालू नका. विसेक लिटरच्या जारच्या पाण्याचंही तेच: टीडीएस मुद्दाम ६०-१०० वर ठेवलेला असतो.

तपासणीला शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर पुरतो. तीन ठिकाणी मोजा: आरओत जाणारं पाणी, मेंब्रेनच्या तोंडाची नळी सोडवून थेट तिथलं पाणी, आणि तोटीतलं पाणी. आत ८००, मेंब्रेनपाशी ३०, तोटीला १२० असं आलं तर मेंब्रेन ठणठणीत आहे आणि बिघाड पुढच्या कार्ट्रिजमध्ये आहे. मेंब्रेनपाशीच १०० च्या पुढे असेल तर मेंब्रेन गेलंय किंवा त्याला दाब मिळत नाही. चांगलं मेंब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतं, पण त्यासाठी साधारण ३ ते ४ बार दाब हवा. गच्चीवरच्या टाकीचा नुसता उतार पुरत नाही, बूस्टर पंप लागतोच.

टँकसाठी वेगळी नळी काढणं हा सरळ उपाय. त्याच यंत्रात मेंब्रेननंतर टी बसवून एक फाटा पिण्याकडे आणि दुसरा टँकच्या डीआय रेझिनकडे (उरलेले क्षार शोषणारे दाणे) न्या. डीआयनंतर मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. एक किंवा दोन नव्हे, शून्य. आरओ सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी रेझिनकडे न जाऊ देता फेकून द्या. मेंब्रेन बंद असताना क्षार दोन्ही बाजूंना समान होत जातात, आणि ते पहिलं पाणी रेझिन फुकट संपवतं.

आता जुन्या टँकमध्ये अचानक आलेल्या डायटमकडे वळू. रेझिन संपत आलं की ते सगळ्यांत आधी सिलिकेट सोडायला लागतं. सिलिकेटवर विद्युतभार नगण्य असतो, त्यामुळे मीटर तेव्हाही शून्यच दाखवतो. म्हणजे मीटर स्वच्छ म्हणतोय आणि टँकमध्ये तपकिरी पीठ जमतंय, अशी अवस्था आठवडे टिकू शकते. यावर उपाय म्हणजे रेझिनची दोन भांडी एकामागे एक लावायची आणि मीटर दोन्हींच्या मध्ये ठेवायचा. मधला आकडा १ झाला की पहिलं भांडं बदला, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवा.

रेझिन नको असेल आणि टँक ५०-६० लिटरचा असेल तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालू शकतं, मात्र प्रत्येक कॅन मोजून, आणि कॅन साध्या पाण्याचा आहे, ॲसिडचा नाही, हे बघून.

साठवणीच्या ड्रमकडेही नजर टाका. पितळी फ्लोट व्हॉल्व्ह, पितळी कॉक, जुन्या मोटरचा धातूचा पंखा, यांपैकी काहीही शुद्ध पाण्यात ठेवू नका. शून्य टीडीएसचं पाणी धातू नळाच्या पाण्यापेक्षा लवकर खातं. सगळं प्लास्टिकचं हवं.

खाणं आणि पाणी बदलणं

इथला हिशेब पटकन होतो. कोरड्या खाण्यात वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. १ ग्रॅम खाण्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट, आणि २०० लिटरमध्ये ते ०.१५ पीपीएम होतं. यातलं काही मासे अंगाला लावतात, काही स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) ओढतो, बाकीचं शेवाळाचं. वाटीत चिमूट टाकण्याऐवजी आठवडाभराचं खाणं एकदा काट्यावर मोजून ठेवा. दोन क्लाउनफिश आणि एका गोबीला दिवसाला ग्रॅमाचा दहावा भाग पुरतो. फ्रोजन मायसिस (गोठवलेले बारीक कोळंबीसारखे जीव) गाळणीत धुऊन टाकण्याने फार फरक पडत नाही, प्रमाणाने पडतो. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) मात्र तीन दिवसांत बदला, कारण त्यात अडकलेला कचरा तिथेच कुजून पाण्यात विरघळतो. धुताना साबण नको.

पाणी बदलून नायट्रेट उतरवणं वाटतं त्याहून सावकाश होतं. ४० पीपीएमच्या टँकमध्ये १० टक्के बदल केला की ३६ राहतं. चार आठवडे दर आठवड्याला केला तर २६. आणि हे आवक शून्य धरून. नवं मीठ-पाणी किमान चोवीस तास पॉवरहेडने (पाण्यात बुडवायच्या छोट्या पंपाने) ढवळलेलं, ३५ पीपीटी (किलोला ग्रॅम) क्षारतेचं, २५-२६ अंशांवर असावं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारं यंत्र) शुद्ध पाण्यावर शून्य लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या मानक द्रावणाने लावा. स्वयंपाकाचं मीठ किंवा खडेमीठ वापरायचा विचारसुद्धा नको.

खडकात मुरलेलं फॉस्फेट

टॉप-अप शून्य झालं, खाणं मोजून झालं, तरी शेवाळ येतंय? मग खडक बघा.

खडक आणि कोरल सँड हे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं, आणि पाण्यातलं प्रमाण उतरलं की परत सुटतं. पाण्यात जास्त झालं की खडक साठवतो, कमी झालं की देतो. म्हणून फॉस्फेट काढणारं माध्यम घातलं की दोन दिवसांत ०.३ चं ०.०५ होतं, चार दिवसांनी माध्यम संपल्यावर पुन्हा ०.२ दिसतं आणि माणसाला वाटतं माध्यम बनावट निघालं. माध्यमाने त्याचं काम केलेलं असतं, खडकाने त्याचं केलं. काही महिने सतत सावकाश काढत राहावं लागतं.

भारतीय समुद्रातले प्रवाळ खडक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे आपल्याकडे टँक बहुतेक कोरड्या किंवा बनवलेल्या खडकावर उभे राहतात. कुणाचा बंद पडलेला टँक उचलला असेल तर तो खडक वर्षानुवर्षांचं फॉस्फेट पोटात घेऊन येतो. टँकमध्ये लावण्याआधी बादलीत मीठ-पाण्यात पॉवरहेड लावून सात दिवस ठेवा आणि पाण्याचं फॉस्फेट मोजा. ०.१ च्या वर गेलं तर पाणी बदलून पुन्हा सात दिवस, उतरेपर्यंत. कोरल बाहेरचे आणायचे असतील तर कागदपत्रं असलेलेच घ्या. समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आणलेला कोरलचा तुकडा गुन्हा ठरू शकतो.

लोहाचं दाणेदार माध्यम वापरत असाल तर २०० लिटरला पूर्ण मात्रा साधारण ८० ते १०० ग्रॅम होते. सुरुवात निम्म्याने, म्हणजे ४०-५० ग्रॅमने करा. शुद्ध पाण्यात विसळून धूळ काढा, रिअ‍ॅक्टरमध्ये (माध्यमातून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) दाणे वरच्या थरात हलकेच उकळल्यासारखे हलतील एवढाच प्रवाह ठेवा. जोरात फिरले तर दळून पाण्यात लाल गाळ उतरतो. फॉस्फेट आठवड्याला ०.०५ पीपीएमपेक्षा वेगाने उतरू देऊ नका. एकदम ओढलं तर आधी कोरलची टोकं पांढरी पडतात, शेवाळ नंतर मरतं.

मोजायचं कशाने हाही प्रश्न आहे. गोड्या पाण्याच्या किटमध्ये ०, ०.२५, ०.५ अशा पायऱ्या असतात. आपल्याला ०.०३ आणि ०.१ यांतला फरक हवा असतो, तो त्या रंगात दिसणार नाही. हॅना कंपनीचा डिजिटल चेकर घेतलात तर तो काय मोजतो ते डबीवर बघा. फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवणारा असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: २० आला तर फॉस्फेट ०.०६. हा गुणाकार विसरल्याने ६० ला ०.०६ समजून निवांत बसलेले टँक असतात. प्रत्यक्षात ते ०.१८ असतं.

शून्याचा सापळा

शेवाळावर चिडून सगळं एकदम केलं जातं: दुप्पट माध्यम, खाणं बंद, मोठे पाणी-बदल. दोन्ही आकडे खरोखर शून्य होतात. हिरवे केस जातात आणि त्यांच्या जागी डायनो येतात, जे दसपट वाईट. खाद्य नसलेल्या, सूक्ष्मजीवांची गर्दी विरळ झालेल्या टँकमध्ये त्यांना स्पर्धकच उरत नाही. लक्ष्य शून्य नाही. नायट्रेट ३ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, आणि दोन्ही स्थिर.

डायनो पक्के झाले असतील तर माध्यम काढा, पाणी बदलणं थांबवा आणि आकडे वर आणा. द्राक्षबागायतदाराला हे आकडे वर आणणारी दोन्ही द्रव्यं नावाने नाही तर आकड्यांनी माहीत आहेत: १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. रसायन तेच, पण कृषी सेवा केंद्रातली पिशवी टँकसाठी घेऊ नका. खताच्या दर्जात इतर धातूंचे अंश किती आहेत ते पिशवीवर लिहिलेलं नसतं आणि काही पिशव्यांत सूक्ष्म अन्नद्रव्यं मुद्दाम मिसळलेली असतात. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात लॅब ग्रेडची लहान बाटली मिळते.

नायट्रेटसाठी ३३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. यातले १० मिलि २०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवतात. फॉस्फेटसाठी १.४ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ लिटरमध्ये, आणि त्यातले १० मिलि ०.०५ पीपीएम वाढवतात. रोज घाला, रोज मोजा. पहिले काही दिवस खडक फॉस्फेट गिळून टाकतो, आकडा हलत नाही. घाबरून मात्रा तिप्पट करू नका. यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा अतिनील दिवा) लावायचा असेल तर जात ओळखावी लागते: ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात मोकळा तरंगतो, त्याला यूव्ही मारतो. ॲम्फिडिनियम वाळूत दडून राहतो, त्याच्यावर यूव्हीचा खर्च वाया जातो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात जागच्या जागी धाग्याला बांधल्यासारखा घिरट्या घालतो तो ऑस्ट्रिऑप्सिस.

केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम

यांच्यामुळे शेवाळ येत नाही. पण हे डळमळले की कोरल थांबतात आणि मोकळी जागा शेवाळ घेतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. केएच (पाण्याची क्षारीयता, डीकेएचमध्ये) ८ ते ९, कॅल्शियम ४२० ते ४४० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० ते १३५० पीपीएम एवढं पुरे. केएच रोज एकाच वेळी मोजत असाल तर एक उपयोगी खूण मिळते: रोजचा खर्च ०.८ वरून ०.३ वर आला तर कोरलनी वाढ थांबवली आहे, ते अजून चांगले दिसत असले तरी.

२०० लिटरमध्ये केएच १ ने वाढवायला शुद्ध खाण्याचा सोडा ६ ग्रॅम. कॅल्शियम १० पीपीएमने वाढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७.३ ग्रॅम. मॅग्नेशियम १० पीपीएमने वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १७ ग्रॅम. प्रत्येक वेगळ्या मगमध्ये शुद्ध पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाहात, आणि सोडा व कॅल्शियम यांत निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. एकत्र पडले तर पाणी दुधासारखं होतं आणि दोन्ही खडू होऊन तळाला बसतात. केएच दिवसाला १ पेक्षा जास्त उचलू नका. मॅग्नेशियम १२०० च्या खाली असेल तर आधी ते भरा, नाहीतर वरचं दोन्ही टिकत नाही.

सोडा आणि चुन्याच्या बाबतीत तीन चुका नेहमी होतात. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे. तिच्यात स्टार्च असतो आणि बऱ्याचदा फॉस्फेटचं आम्ल, म्हणजे शेवाळाला थेट खुराक. धुण्याच्या सोड्यात काय-काय आहे त्याचा भरवसा नाही. आणि कॅल्कवासरसाठी (टँकला द्यायचं चुन्याचं पाणी) पानटपरीवरचा चुना आणू नका. रसायन कागदावर तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण त्यात आणखी काय मिसळलंय ते ठाऊक नसतं. शुद्ध बाटलीतलं घ्या, १ लिटरला २ ग्रॅम पुरतं, निवळ द्या, आणि फक्त वरचं नितळ पाणी थेंबाथेंबाने सोडा. त्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो, हातमोजे घाला.

पीएच ७.९ दिसला म्हणून बाटलीतलं औषध ओतू नका. बंद खोलीतल्या माणसांच्या श्वासाने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. खिडकी दोन तास उघडून पुन्हा मोजा.

साचलेलं शेवाळ काढताना

आवक बंद झाल्यावरच हे करायचं, त्याआधी केलं तर कष्ट वाया. खडक टँकच्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि त्यातच घासा. टँकमध्ये घासल्यास तुकडे सगळीकडे पसरतात. मेडिकलमधला हायड्रोजन पेरॉक्साइड सहसा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के असतो. तेवढंच शुद्ध पाणी मिसळून ३ टक्के करा, खडक पाण्याबाहेर असताना फक्त शेवाळावर ब्रशने लावा, पाच मिनिटं थांबा, मीठ-पाण्यात विसळून परत ठेवा. कोरलच्या मांसाला लागू देऊ नका, क्लीनर श्रिंप असलेल्या टँकमध्ये थेट ओतू तर नकाच.

ब्रायोप्सिससाठी फ्लुकोनाझोल चालतं, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १ ग्रॅम. माणसांसाठीचं औषध आहे, चिठ्ठीवर मिळतं. विरघळवून एकदाच टाका, फिल्टरमधला कार्बन काढा, स्किमरचा कप काढून हवा चालू ठेवा, दोन ते तीन आठवडे पाणी बदलू नका. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही असं वाटतं, मग ती पिवळट पडून सुटू लागते. सुटलेली रोज ओढून घ्या, नाहीतर कुजून तेच फॉस्फेट परत.

पांढरा आणि लाल प्रकाश कमी करून एकूण वेळ आठ तासांवर आणा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन काचेवर येत असेल तर पडदा. संपमध्ये जागा असेल तर मुठीएवढं कीटोमॉर्फा (मुद्दाम वाढवायचं शेवाळ) टाकून रात्री दिवा लावा: ते नको असलेल्या शेवाळाच्या वाट्याचं खातं आणि रात्रीचा पीएचही सावरतं. टर्बो आणि सेरिथ गोगलगायी लव खातात, दोन इंच वाढलेले केस खात नाहीत. आधी हाताने उपटा, मग त्यांना सोडा.

उन्हाळा, वळीव, पूर

मार्च ते मे टँकचं पाणी २८ अंशांच्या वर जाऊ लागलं की पंखा. २ ते ३ अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं. दोन दिवस टॉप-अप राहिलं आणि ८ लिटर उडालं तर क्षारता ३५ ची ३६.५ होते. त्यामुळे पंखा आणि ऑटो टॉप-अप जोडीनेच बसवा. जूननंतर हवा दमट झाली की पंख्याचा गारवा घटतो, बाष्पीभवनही घटतं. मग उन्हाळ्यात ठरवलेला कॅल्कवासरचा डोस टॉप-अपमधून जात असेल तर तो आपोआप निम्मा होतो आणि केएच घसरतो. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात केएच रोज मोजायचा तो यासाठी.

वळवात तारा तुटून वीज गेली की पहिला धोका ऑक्सिजनचा. बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. रिटर्न पंप (संपमधलं पाणी टँकमध्ये चढवणारा) मुद्दाम बंद करून संप ओसंडतो का ते आजच बघून घ्या, अंधारात नको. कॅनिस्टर फिल्टर चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच चालू करू नका. आतलं पाणी कुजलेलं असतं, ते बादलीत ओतून स्पंज मीठ-पाण्यात पिळून मगच जोडा.

कृष्णेला पूर असताना नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीन वाढवलेलं असतं, गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त पडते. आरओतलं गाळ अडवणारं सेडिमेंट कार्ट्रिज तेव्हा पंधरा दिवसांत तपकिरी होऊन दाब तोडतं, आणि संपलेल्या कार्बनमधून गेलेलं क्लोरीन मेंब्रेन कायमचं खराब करतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सेडिमेंट आणि कार्बन दोन्ही नवे घाला, एक सेडिमेंट जादा आणून ठेवा, आणि ऑगस्टअखेर मेंब्रेनपाशी पुन्हा मोजा. जूनमध्ये ३० असलेला आकडा ६० झाला असेल तर मेंब्रेनला बहुतेक क्लोरीन लागलंय. दिवाळीत शेवाळ दिसण्याची वाट न बघता ते तेव्हाच बदला. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला घ्या, कुंड्यांना घालू नका. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.